शास्त्राभ्यास : कबरांतून घराकडे

शास्त्रपाठ : मार्क ५:१–२०. ताडून पाहण्यासाठी : लूक ८:२६–३९.
पाठांतरासाठी : मार्क ५:१९.
विषय : घरदार सुटून रस्त्यावर भटकणारे मनोरुग्ण आणि त्यांजविषयी मंडळीचे कर्तव्य.

घरोघरच्या उपासनेसाठी उतारे : सोमवार, १ शमुवेल १६:१४–२३. मंगळवार, १ राजे १९:१–८. बुधवार, स्तोत्र ८८. गुरुवार, दानीएल ४:२८–३७. शुक्रवार, यशया ५८:६–१२. शनिवार, लूक १०:२५–३७. रविवार, शास्त्रपाठ.

प्रस्तावना

वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर, मालेगाव, मानोरा, ह्यांपैकी कोणत्याही गावी गेल्यास एक मनुष्य हटकून दृष्टीस पडतो. एस. टी. स्थानकाच्या कडेला, रेल्वेच्या फलाटाच्या टोकास, किंवा आठवडी बाजार उठल्यावर रिकाम्या ओट्याखाली तो बसलेला असतो. केसांच्या जटा झालेल्या, अंगावर एकावर एक चढविलेल्या चिंध्या, पायास जखम. तो आपल्याशीच बोलतो, हसतो, मध्येच कोणावर तरी रागावतो. लोक त्यास वेडा म्हणतात. पोरे खडे मारतात. एखादी दयाळू बाई भाकर देते. पोहरादेवीच्या यात्रेस किंवा कारंज्याच्या दत्तस्थानास जो मोठा समुदाय लोटतो, त्यातून असा एखादा जीव मागे राहून जातो. आणि तो कोठला, कोणाचा, ह्याची कोणी चौकशी करीत नाही. पावसाळ्यात एके सकाळी तो दिसेनासा होतो, आणि कोठे गेला हेही कोणी विचारीत नाही.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात सुमारे १७ लाख ७० हजार लोक बेघर मोजले गेले. ते सर्व मनोरुग्ण नव्हेत. बहुतेक दारिद्र्यामुळे उघड्यावर आलेले कष्टकरी आहेत, हे विसरू नये. परंतु त्यांच्यात ज्यांचे मन आजारी आहे त्यांची स्थिती सर्वांहून कठीण आहे. भुकेला मनुष्य अन्न मागू शकतो. ज्याचे मनच बिघडले आहे त्यास आपण आजारी आहो हेच पुष्कळदा कळत नाही. मग तो वैद्य कसा मागणार? म्हणून दुसऱ्या कोणी तरी त्याच्याकडे चालत गेले पाहिजे. आजच्या पाठात प्रभू येशू अशाच एका मनुष्याकडे सरोवर ओलांडून गेला. त्याच्यामागोमाग आपणही पायरी पायरीने जाऊ.

१. घरात न राहणारा मनुष्य (वचने १–५)

लूक सांगतो की, हा मनुष्य पुष्कळ दिवसांपासून वस्त्र नेसत नव्हता व घरात राहत नव्हता. मार्क सांगतो की, तो रात्रंदिवस कबरांत व डोंगरांत ओरडत असे आणि दगडांनी आपले अंग ठेचून घेत असे. म्हणजे त्यास घर होते. ते सुटले होते. हे पाठाच्या शेवटी आणखी स्पष्ट होते.

आमच्या रस्त्यावरील मनुष्याचेही तसेच आहे. तो रस्त्यावर जन्मला नाही. कोठे तरी त्याची आई आहे, बायको आहे, शेत आहे, शाळेच्या दाखल्यावर त्याचे नाव आहे. मग घर कसे सुटले? ह्याची कारणे समजून घेतली पाहिजेत. स्किझोफ्रेनिया नावाचा एक मोठा मानसिक आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ३०० माणसांत एकास तो होतो. तो बहुधा ऐन तारुण्यात, विशीच्या आसपास, सुरू होतो. रोग्यास कानात आवाज ऐकू येतात. कोणी तरी आपल्याला मारणार आहे, जेवणात विष घालीत आहे असे वाटते. त्याच्या दृष्टीने ते खरे असते. म्हणून तो भिऊन घरातून निघतो, दिसेल त्या गाडीत बसतो, आणि शेकडो कोस दूर जाऊन पडतो. तेथे त्याची बोली कोणास कळत नाही. तेलुगू किंवा बंगाली बोलणारा मनुष्य आमच्या गावी आला तर तो काही तरी बडबडतो असे आपण म्हणतो; वस्तुतः तो कदाचित आपल्या गावचे नाव सांगत असेल.

दुसरी कारणेही आहेत. काहींस अति उत्साह व अति खिन्नता आळीपाळीने येण्याचा आजार असतो. काही वृद्ध स्मृती गेल्यामुळे वाट चुकतात. काही दारूने घरास मुकतात. काही स्त्रियांस आजारपणात सासरचे माहेरी व माहेरचे सासरी ढकलतात, आणि अखेरीस कोणी तरी त्यांस यात्रेत किंवा फलाटावर सोडून देतो. कित्येकांचा उपचार एकदा सुरू झालेला असतो. परंतु बरे वाटल्यावर गोळ्या बंद होतात, आजार उलटतो, आणि घरचे थकतात. ह्यात पाप कोणाचे ह्याची चौकशी करण्यात वेळ घालवू नये. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी हाच प्रश्न केला होता, आणि प्रभूने त्यांस त्या वाटेने जाऊ दिले नाही (योहान ९:१–३).

२. साखळदंड (वचन ४)

गावच्या लोकांनी ह्या मनुष्यासाठी काहीच केले नव्हते असे नाही. त्यांनी त्यास पुष्कळदा बेड्या व साखळ्या घातल्या होत्या. त्यांस दुसरा उपाय ठाऊक नव्हता. साखळीने गावाचे रक्षण काही काळ झाले. रोग्याचे बरे मुळीच झाले नाही.

ही रीत अजून गेलेली नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, एका दर्ग्याच्या परिसरातील खासगी आश्रयगृहास आग लागली. तेथील रोगी साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांस पळता आले नाही, आणि २८ जण जळून मेले. नातेवाइकांनी त्यांस तेथे बरे होण्याच्या आशेनेच ठेविले होते. हा प्रसंग दुसऱ्या धर्माच्या स्थानी घडला म्हणून त्यांजकडे बोट दाखविण्याचे आपणांस कारण नाही. विद्रूप प्रीती सर्वत्र असते. आमच्याही घरांत खोलीला बाहेरून कडी लावलेली आढळते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, ह्याच्या ९५ व्या कलमाने रोग्यास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई केली आहे. आणि महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याप्रमाणे, भूत उतरविण्याच्या नावाखाली मनुष्यास दोरीने वा साखळीने बांधणे, मारणे, चटके देणे हा गुन्हा आहे. हा कायदा भगतास लागू आहे तसाच प्रार्थना करणाऱ्यासही लागू आहे.

३. भूत की आजार?

येथे उपदेशक बंधूंस वर्गात प्रश्न येईल, तो टाळू नये. शास्त्र ह्या मनुष्यास अशुद्ध आत्मा लागलेला म्हणते. मग वेड्यास दवाखान्यात का न्यावे, प्रार्थनेनेच का बरे करू नये?

उत्तर शास्त्रातूनच द्यावे. मत्तय ४:२४ काढून पाहा. तेथे प्रभूकडे आणलेल्या दुःखितांची यादी आहे, आणि तीत भूतग्रस्त व फेफरेकरी निरनिराळे मोजले आहेत. म्हणजे प्रत्येक विचित्र वागणाऱ्यास भूत लागले आहे असे सुवार्तालेखक मानीत नव्हते. फेफरे हा मेंदूचा आजार आहे व तो औषधाने ताब्यात राहतो, हे आज गावातील लहान मुलासही ठाऊक आहे. तसेच मनाच्या आजारांचे आहे. १९५२ सालापासून अशी औषधे उपलब्ध झाली की ज्यांनी कानातले आवाज थांबतात, भीती ओसरते, झोप येते. ही औषधे देवाच्या सृष्टीतूनच निघाली आहेत. लूक हा वैद्य होता व पौलाने त्यास प्रिय म्हटले आहे (कलस्सै ४:१४). चांगल्या शोमरोन्याने जखमेवर तेल व द्राक्षारस घातला. नुसती प्रार्थना करून तो पुढे गेला नाही.

एलीयाचा वृत्तांतही ह्याच दृष्टीने वाचावा. तो रानात झुडपाखाली पडून मरण मागत होता. देवाने त्यास प्रथम उपदेश केला नाही. दूताने त्यास भाकर व पाणी दिले, झोपू दिले, आणि पुन्हा भाकर दिली. भाषण मागाहून आले. खचलेल्या मनुष्यास 'तुझा विश्वास कमी आहे' असे सांगणाऱ्याने हा अध्याय गुडघे टेकून वाचावा.

आमच्या पूर्वजांनी ही गोष्ट जाणली होती. वाशीम येथे १९३८ साली नाझरीन मिशनने रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय काढले. सुवार्ता व औषध एकाच अंगणात राहू शकतात हे ह्या जिल्ह्यातील ख्रिस्ती लोकांनी त्या रुग्णालयात पाहिले. तर मग बाळंतिणीला व तापकऱ्यास दवाखान्यात नेणाऱ्या मंडळीने मनाच्या रोग्यासच भगताकडे किंवा उपवासाच्या सभेत का न्यावे? प्रार्थना अवश्य करावी. दवाखान्याच्या वाटेवर करावी, औषध घेताना करावी, महिनोन्‌महिने करावी. परंतु कोणत्याही उपदेशकाने किंवा बाहेरून आलेल्या सभाचालकाने रोग्यास गोळ्या फेकून देण्यास सांगू नये. ज्याने औषध लिहून दिले नाही, त्याने ते बंद करण्याचा हुकूमही देऊ नये. अशा हुकुमाने रोगी पुन्हा रस्त्यावर गेला, तर त्यास शोधावयास तो सभाचालक येत नाही.

४. प्रभूने त्याचे नाव विचारले (वचन ९)

ज्या मनुष्याकडे कोणी जात नव्हते त्याजपाशी प्रभू उभा राहिला आणि त्याने त्यास नाव विचारले. उत्तर धड आले नाही. तरीही प्रश्न केला गेला, हे महत्त्वाचे आहे.

महाराष्ट्रात ह्या प्रश्नावरच एक मोठे कार्य उभे राहिले आहे. १९८८ साली मुंबईत डॉ. भरत वाटवानी व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता वाटवानी ह्या मनोविकारतज्ज्ञ दांपत्यास रस्त्यावर एक तरुण दिसला. तो नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पीत होता. त्यांनी त्यास आपल्या दवाखान्यात नेले, स्वच्छ केले व औषध दिले. तो बरा झाल्यावर कळले की, तो आंध्र प्रदेशातील एका शिकलेल्या घरचा पदवीधर मुलगा आहे. त्यातून श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन ही संस्था निघाली, आणि पुढे २००६ पासून रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळ तिचे मोठे केंद्र चालू लागले. रस्त्यावरील रोग्यास आणणे, औषधोपचार करणे, शुद्धीवर आल्यावर त्याच्याकडून गावाचे नाव समजून घेणे, आणि त्यास घरी पोहोचविणे, असा त्यांचा क्रम आहे. २०१८ साली डॉ. वाटवानी ह्यांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोपर्यंत अशा रीतीने ७,००० हून अधिक माणसे आपापल्या घरी पोहोचली होती.

हे आकडे वाचून पुढे जाऊ नये, क्षणभर थांबावे. ७,००० घरांत ज्यास मेलेला समजले होते तो दारात उभा राहिला. उधळ्या पुत्राच्या बापाचा आनंद ७,००० वेळा झाला. ह्यावरून एक गोष्ट सिद्ध होते की, 'हा असाच राहणार' हे आमचे म्हणणे खोटे आहे. सर्वच रोगी पूर्ण बरे होतात असे नाही. काहींस जन्मभर औषध लागते, काहींस कायमचा आश्रय लागतो. परंतु कित्येक जण काही आठवड्यांच्या उपचाराने आपले नाव व गाव सांगू लागतात.

अशी कामे आणखीही आहेत. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे डॉ. राजेंद्र धामणे व डॉ. सुचेता धामणे ह्यांनी टाकून दिलेल्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी माउली सेवा प्रतिष्ठान चालविले आहे. आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, चिखली तालुक्यातील पळसखेड सपकाळ येथे, पालवे दांपत्याने सेवा संकल्प प्रतिष्ठान काढून रस्त्यावरील मनोरुग्णांस आसरा दिला आहे. ही मंडळी बहुतेक आमच्या धर्माची नव्हेत. जखमी मनुष्यापाशी थांबला तोही याजक नव्हता व लेवीही नव्हता. आपण ह्यात लाजावे, आणि लाजून झाल्यावर शिकावे.

५. नेसलेला, बसलेला, शुद्धीवर आलेला (वचन १५)

मार्काने तीन शब्दांत बरे होण्याचे चित्र दिले आहे. तो बसला होता, म्हणजे भटकणे थांबले. तो नेसला होता, म्हणजे लाज व मान परत आला. तो शुद्धीवर होता, म्हणजे मन जाग्यावर आले. उपचाराचे कामही ह्या तिन्ही गोष्टींचे आहे: आसरा, मान आणि औषध. नुसते औषध देऊन पुन्हा फलाटावर सोडले तर ते टिकत नाही. नुसता आसरा देऊन औषध न दिले तर तो तुरुंग होतो. आणि मान नसेल तर दोन्ही व्यर्थ.

सरकारी व्यवस्था काय आहे ते समजून घ्यावे. पूर्वी १९१२ च्या कायद्यात अशा माणसांस वेडे हेच नाव होते, आणि त्यांची जागा वेड्यांचे इस्पितळ ही ठरलेली होती. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचे आहे. ठाणे, पुणे (येरवडा) व रत्नागिरी येथे बाकीची आहेत. वाशीमपासून नागपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. इतक्या दूर रोग्यास नेणे मजुरी करणाऱ्या घरास कसे परवडावे? म्हणून १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम व १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम काढण्यात आला. मनाच्या आजाराचा उपचार तापाच्या उपचाराप्रमाणे जवळच्या सरकारी दवाखान्यात मिळावा, हा त्याचा हेतू. वाशीम हा १ जुलै १९९८ पासून अकोल्याहून स्वतंत्र जिल्हा झाला, आणि २०२४ साली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. तेव्हा पहिली चौकशी नागपुरास नव्हे, तर जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागात करावी.

तथापि व्यवस्था असणे व ती रोग्याच्या हाती लागणे ह्यांत अंतर आहे. २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, निरनिराळ्या मानसिक आजारांत १०० रोग्यांपैकी ७० ते ९२ जणांस उपचार मिळत नव्हता. हे घर असलेल्यांचे झाले. ज्यास घर नाही, आधार कार्ड नाही, सोबत येणारा नाही, औषधाची वेळ सांगणारा नाही, त्याचे काय? येथेच मंडळीची जागा आहे.

६. डुकरांचा हिशेब (वचने १४–१७)

गावचे लोक आले, त्यांनी बरा झालेला मनुष्य पाहिला, आणि आनंद करण्याऐवजी ते भ्याले. मग डुकरांची हकीगत ऐकून त्यांनी प्रभूला आपल्या हद्दीतून जाण्याची विनंती केली. सुमारे दोन हजार डुकरे गेली होती. एक मनुष्य परत मिळाला, हा जमेचा आकडा त्यांच्या वहीत कोठेच आला नाही.

आमच्याही वहीत डुकरांचा रकाना मोठा असतो. सोयाबीन काढणीच्या दिवसांत रोग्याला घेऊन वाशीमला जावयाचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. एस. टी. चे भाडे. ठाण्यात बसून राहणे. 'हे ख्रिस्ती लोक त्यास बाटविण्यास नेतात' असा शेजाऱ्यांचा संशय. ह्या अडचणी खऱ्या आहेत. म्हणून हे काम एकट्याने करू नये. पोलीस पाटील, सरपंच, आशा ताई ह्यांस सोबत घ्यावे व सर्व उघड करावे. आणि एक नियम पक्का ठेवावा: ज्याचे मन ठिकाणावर नाही त्याजकडून कोणताही धार्मिक विधी करवू नये, त्याचे नाव बदलू नये, त्यास धर्मोपदेशाचे साधन करू नये. प्रभूने ह्या मनुष्यास बरे केले, आणि नंतर त्यास आपल्या नावेत बसवून नेले नाही.

७. आपल्या घरी जा (वचने १८–२०)

त्या मनुष्याने प्रभूबरोबर राहण्याची विनंती केली. प्रभूने त्यास घरी, आपल्या माणसांकडे पाठविले. बरे होण्याची शेवटची पायरी घर ही आहे.

परंतु घर त्यास घेईल काय? येथे प्रत्येक कुटुंबाची परीक्षा आहे. बरा होऊन आलेल्यास शेजारी वेडाच म्हणत राहतात. बहिणीचे लग्न अडेल म्हणून भाऊ त्यास पुढे येऊ देत नाहीत. जमिनीच्या वाटणीत त्याचे नाव गाळले जाते. २०१७ च्या कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे आजारी मनुष्यास समाजात राहण्याचा हक्क आहे. आणि कुटुंबाने टाकल्यास, घरी राहण्याचा त्याचा हक्क मिळवून देण्यास सरकारने साहाय्य करावयाचे आहे. पण कायदा दार उघडू शकतो. ताट वाढू शकत नाही. ते काम बहिणीने, भावजयीने, मंडळीने करावयाचे आहे. बरे झालेल्यास उपासनेत मागच्या कोपऱ्यात नव्हे, आपल्या शेजारी बसवावे. त्यास लहानसे काम सोपवावे. आणि औषधाची तारीख वडील मंडळींपैकी एकाने लक्षात ठेवावी. चांगल्या शोमरोन्याने दोन दीनार देऊन हात झटकले नाहीत. परत येऊन उरलेला खर्च देण्याचे वचन दिले. औषध चालू ठेवण्यास सोबत करणे हेच ते परत येणे होय.

उपदेशक बंधूंस व्यवहारातील सूचना

(१) असा मनुष्य आढळल्यास समोरून, सावकाश, दोघांनी जावे. गर्दी हटवावी. स्त्री असल्यास मंडळीतील स्त्रियांनी जावे. खाली बसून पाणी व भाकर द्यावी, आपले नाव सांगावे, मग त्याचे विचारावे. त्याचे म्हणणे खोडू नये व हसूही नये. बळजबरीने केस कापू नयेत. मोबाइलवर चित्र काढून पसरवू नये.

(२) एकदम वेड समजू नये. ताप, डोक्यास मार, साखरेचा आजार किंवा दारू एकाएकी सुटणे ह्यांनीही मनुष्य असंबद्ध बोलतो. जखम किंवा ताप असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

(३) ठाण्यात कळवावे. तातडीस ११२ क्रमांक आहे. २०१७ च्या कायद्याचे १०० वे कलम लक्षात ठेवावे. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व भटकणारी व्यक्ती आपल्या हद्दीत आढळल्यास तिला संरक्षणाखाली घेणे हे ठाणेदाराचे कर्तव्य आहे. २४ तासांच्या आत तिला जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीस न्यावयाचे असते. तिला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. ती बेघर असल्यास हरवलेल्या व्यक्तीची खबर नोंदवून घरच्यांचा शोध घ्यावयाचा असतो. ठाणेदारास हे नम्रपणे, पण स्पष्ट सांगावे.

(४) कागद नाहीत म्हणून परत फिरू नये. १८ व्या कलमाप्रमाणे दारिद्र्यरेषेखालील मनुष्यास, त्याजपाशी कार्ड असो वा नसो, तसेच निराधार व बेघर मनुष्यास, सरकारी व सरकारी मदतीच्या मानसिक आरोग्य संस्थांत उपचार विनामूल्य आहे.

(५) अडवणूक झाल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. मनोरुग्णास विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे.

(६) एखाद्या घरात रोग्यास मारीत, कोंडीत किंवा उपाशी ठेवीत असल्यास तेही कोणासही पोलिसांस कळविता येते. परंतु प्रथम त्या घरच्यांचा थकवा ऐकून घ्यावा. पुष्कळदा क्रौर्याच्या मुळाशी कोणीच मदतीस न आल्याची निराशा असते.

(७) सल्ल्यासाठी १४४१६ हा 'टेलिमानस' दूरध्वनी १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालतो, आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक मंदिराच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहावा. कर्जाने किंवा नापिकीने खचलेल्या शेतकऱ्यासही तो उपयोगी आहे.

(८) सर्वांत स्वस्त उपाय हा की, मनुष्य रस्त्यावर येण्यापूर्वीच त्यास सांभाळावे. आपल्या मंडळीतील ज्या घरी गोळ्या चालू आहेत तेथे महिन्यातून एकदा जावे. औषधाने सुस्ती, हात कापणे किंवा वजन वाढणे असा त्रास होत असल्यास बंद करण्याऐवजी डॉक्टरास सांगावे. तो मात्रा बदलतो. रोज गोळी घेणे न जमणाऱ्यास काही आठवड्यांनी एकदा द्यावयाचे इंजेक्शनही असते, त्याविषयी विचारावे.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. गावच्या लोकांनी ह्या मनुष्यासाठी काय केले होते, व त्याने काय साधले?
२. मत्तय ४:२४ वरून भूतबाधा व आजार ह्यांविषयी काय शिकावे?
३. देवाने एलीयास उपदेशापूर्वी काय दिले? आपण खचलेल्यास प्रथम काय देतो?
४. बरा झालेला मनुष्य पाहून लोक का भ्याले? आपल्या गावी असे घडते काय?
५. आपल्या गावच्या स्थानकावर किंवा बाजारात असा कोण आहे? त्याचे नाव कोणास ठाऊक आहे काय?
६. आपल्या मंडळीतून कोणी घर सोडून गेला आहे काय? त्याची खबर ठाण्यात दिली आहे काय?

पाचवा व सहावा प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबावे. उत्तर आल्यास दोघांची नेमणूक करून, पुढच्या रविवारी त्यांनी काय केले ते वर्गास सांगावे.

प्रार्थनेचे विषय

ज्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत, पण देवास ठाऊक आहेत, अशा भटकणाऱ्यांसाठी. दाराकडे डोळे लावून बसलेल्या त्यांच्या आईबापांसाठी. सरकारी दवाखान्यांतील मनोविकारतज्ज्ञ, परिचारिका व आशा भगिनींसाठी. रात्री गस्त घालणाऱ्या पोलिसांस कायद्याबरोबर कळवळाही मिळावा म्हणून. कर्जत, अहिल्यानगर, पळसखेड व इतर ठिकाणी ह्या सेवेत असलेल्यांसाठी. आणि आमच्या मंडळीसाठी, की बरा झालेला मनुष्य दारी आला असता आम्ही डुकरांचा हिशेब न करता त्याच्यासाठी ताट मांडावे.

त्या मनुष्याने प्रभूचे ऐकले आणि दकापलीसात जाऊन आपली गोष्ट सांगितली. ती ऐकावयास कोणी तरी त्याच्यापाशी बसले असले पाहिजे. आमच्या गावीही असे बसणारे निघोत.